जाणाऱ्याने दिवा बंद करावा

ती. सौ. जाऊबाई यांस धाकट्या जावेचा नमस्कार.

तुमची आणि मोठ्या भाऊजींची प्रकृती चांगली असेल असं धरून चालते. आमची म्हणाल तर उभे आहोत. दोन महिन्यांपूर्वी तुमच्याकडून आलेल्या सामानाची पोच द्यायची राहिली होती, ती आधी देते. काचेची पेटी एक (कोपरा तडकलेला, तो तिथूनच तडकून आला). दिवा एक, वायरसकट. वाळवलेल्या किड्यांची पुडी अर्धी. सरडा एक, जिवंत (हे आमच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली). हमाली बावीस, आम्ही दिली. मागत नाही, नुसती कळवते.

शनिवारी त्याला न्यायला माणूस पाठवता, चष्म्याच्या दुकानदाराला तो काउंटरवर ठेवायला हवा आहे, हे तुमचं पत्र काल मिळालं. चांगलं झालं. मी अगदी थकून गेले आहे.

"आठ दिवस ठेवा, कोपऱ्यात पडून असतो," असं तुम्ही तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं. पडून होता हे खरंच. तुमची धाकटी वसतिगृहात गेल्यापासून तिच्या या लाडक्याकडे कुणी वळून पाहिलं नसावं (दोष देत नाही, तुमच्या घरात माणसांकडे बघायलाही सवड नसते). शेपटीची हाडं मोजता येत होती. जुनी कातडी बोटांवर वाळून घट्ट बसली होती, आटलेले मोजे घातल्यासारखी. मॅट्रिकला मी शास्त्र घेतलं होतं, पण आमचं पुस्तक बेडकापाशी संपत होतं. शेवटी त्याला बाजाराच्या पिशवीत घातलं, वर पालकाची जुडी ठेवली आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एक गलेलठ्ठ बोका मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनी मला विचारलं, पालकाला काय झालंय?

वजन भरलं एकशे बासष्ट ग्रॅम. डॉक्टरांनी सांगितलं, रोज कोमट पाण्यात बसवा, पाल्यावर ही भुकटी टाका, जिवंत किडे द्या, रोज वजन लिहा आणि दिवसभर दिवा चालू ठेवा. तो दिवा म्हणजे त्याचं ऊन. ऊन नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजतं.

मी सगळं केलं. मुंगी चुकवून पाय टाकणारी मी, चिमट्याने जिवंत किडे भरवू लागले. आधी प्रत्येक किड्यामागे एक मणी ओढून देवाची क्षमा मागत होते, पण किडे माळेपेक्षा जास्त व्हायला लागले, तेव्हा आठवड्याची एकदम मागू लागले. आणि तरी हिशेबाच्या वहीत, दूध आणि साबण यांच्या मधे, रोज आकडा उतरतच होता. एकशे साठ. एकशे अठ्ठावन्न. एकशे चोपन्नला त्याने डोळे उघडले नाहीत आणि तराजूच्या पारड्याच्या कडेवर मान टाकली. मी तशीच पिशवी घेऊन पुन्हा डॉक्टरकडे.

डॉक्टरांनी विचारलं, दिवा दिवसभर असतो ना? म्हटलं, असतो, सकाळी मी स्वतः लावते.

"आणि बंद कोण करतं?"

कुणी नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि सासूबाईंची पाटी आठवली. तुम्ही विसरला नसाल. बटणाच्या वर, त्यांच्या अक्षरात: 'जाणाऱ्याने दिवा बंद करावा.' (तुम्ही वेगळ्या झालात तेव्हा चांदीचे चमचे तुमच्याकडे गेले, पाटी इथे राहिली.) एकतीस वर्षं पाय उंबऱ्यापाशी येण्याआधी माझा हात बटणावर गेलेला असतो, मनाला विचारतसुद्धा नाही. माझ्या हातून सुटलं तर हे आंघोळीला जाता जाता बंद करत होते. ह्यांच्या हातून सुटलं तर कामवाली, तिला मीच शिकवलं आहे. आम्ही तिघं मिळून त्या मुक्या जिवाचं ऊन विझवत होतो.

पाटी काढा म्हणाल. सासूबाईंचं अक्षर आहे, हात धजत नाही. शिवाय एका दिव्याला सूट दिली की बाकीचे दिवे ऐकायचे नाहीत. पण पाटी नीट वाचली. ती जाणाऱ्यासाठी आहे. बसणाऱ्याला लागू नाही.

तेव्हापासून मी बसते. पोथी तिथेच, पाला निवडणं तिथेच, उसवलेलं शिवणं तिथेच, वही तिथेच. मला उठायचं झालं की हे वर्तमानपत्र घेऊन येतात, मग मी जाते, पहारेकऱ्यांसारखी बदली. कंबर धरली आहे. शेजारीण विचारत होती, घरात कुणी आजारी आहे का. हो म्हटलं, पुढचं सांगितलं नाही. परवा दुपारी मला पेंग येत होती तर हे म्हणाले, "तू पड जरा. मी आहे त्याच्यापाशी." जाऊबाई, मला टायफॉइड झाला तेव्हा ह्यांनी दारातून चहाचा डबा कुठे आहे एवढं विचारलं होतं.

बसायला लागल्यापासून एकोणिसाव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि माझ्या हातातून पान ओढलं. आज सकाळी एकशे एक्क्याण्णव. तेव्हा आता न्या बाई एकदाचा. मला माझं घर मोकळं हवं आहे.

आपली,
धाकटी जाऊ

ता. क. चष्म्याच्या दुकानदाराला एवढं विचारा, दुपारी जेवायला घरी जाताना तो दिवे बंद करतो का. करत असेल तर माणूस पाठवू नका.

ता. क. करत नसेल तरी पाठवू नका. धाकटीला मी वेगळं लिहिते, सुट्टीत इकडे येऊन भेटत जा म्हणून. हमाली विसरा.

ता. क. हे बाहेर गेले आहेत, ते आल्याशिवाय मला इथून उठून टपालपेटीत पत्र टाकता येत नाही. म्हणजे पत्र तुम्हांला शुक्रवारीच मिळणार. माणूस निघाला असेल तर त्याला थांबवा, आणि थांबवला एवढं परतीच्या टपालाने कळवा.