चौरसही आयतच

तैचुंग, ८ एप्रिल १९९४

ती. युएचिनताईस,
वेनशुनचा सा. न. वि. वि.

ताई, आमच्या गणित चाचणीचा निकाल आला! संगणक यंत्रातून सगळ्या बेटांवरच्या शाळांचे आकडे बाहेर पडले आणि मी खोलीत एकटाच नाचलो. नुसते गुण मोजायचे नाहीत, मूल विचार कसा करतं ते ओळखायचं, ही आमची पद्धत चक्क चालतेय! पायऱ्या तीन. आकृती नुसती पाहून ओळखणं, मग तिचे गुणधर्म सांगणं आणि मग एका गुणधर्मातून दुसरा सिद्ध करणं. खालची पायरी गाळून वरची कुणी चढत नाही, हेच हजारो उत्तरांत दिसतंय.

घोळ फक्त तुझ्या वर्गात. हुईयुन नावाच्या मुलीनं अवघड प्रश्न फटाफट सोडवले, आणि आयत ओळखा, समभुज चौकोन ओळखा, असल्या बाळबोध प्रश्नांत आपटली. आणखी तिघांचंही तसंच. समितीला वाटतं, अवघड उत्तरं कुठूनतरी उतरवलीत. इथल्या गणिताच्या खास वर्गाच्या यादीतून चौघांची नावं उडणार. शुक्रवारी बैठक आहे. ही तुझी लाडकी तर नव्हे?

आईला सांग, जेवतो. लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझा वेनशुन

मागोंग, ११ एप्रिल

चि. वेनशुन यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

नाचून झालं असेल तर खाली बस. हुईयुन दुसऱ्याची उत्तरं उतरवेल? अरे, बाकीचा वर्ग तिची उतरवतो! मी तिला प्रश्नपत्रिका पुन्हा दिली. आयत ओळखताना तिनं चौरसांवरही खूण केली. का, म्हणून विचारलं, तर तिनं मलाच उलट विचारलं की चारही कोन काटकोन आहेत, मग आयत म्हणायला बाई, अजून काय हवं? समभुजाचंही तेच. मला इतका आनंद झाला की शिपाईमामांनाही सांगून आले. तुम्ही पहिल्या पायरीचं विचारलंत, पोरीनं तिसरीवरून उत्तर दिलं. आता यंत्राला विचार, हे प्रश्न कच्च्या मुलांचे चुकलेत की हुशारांचे?

तिचे वडील गुळाचे केक वाफवतात. यादीत नाव आलं तरच तैचुंगला पाठवीन, नाहीतर उन्हाळ्यापासून दुकानात उभी राहील, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. उत्तरसूची तुमच्या समितीच्या प्रमुखांनी, त्साय सरांनी केलीय, ठाऊक आहे मला. आणि सरांपुढे तुझी दातखीळ बसते, तेही ठाऊक आहे. तरी बोल.

वारा फार सुटलाय. माया आहे म्हणूनच रागावते.
तुझी ताई

तैचुंग, ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यादी लागल्याचं फोनवर कळलंच तुला, पण बैठकीचं मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. सरांचा चहा संपेपर्यंत आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही. मी बोललो नाहीच, पेल्याशेजारी आलेख सरकवला. मूल जितकं हुशार, तितकी बरोबर उत्तरांची रेघ वर जायला हवी. या प्रश्नांची रेघ वर जाऊन शेवटी घसरत होती. सगळ्यांत हुशार मुलंच चुकत होती! सर बघतच राहिले, चहा निवला. मग त्यांनी स्वतःच्या उत्तरसूचीवर काट मारली, त्यावर सहीऐवजी आपला तांबडा शिक्का उठवला आणि सगळे पेपर पुन्हा तपासायला लावले. चौघंही तिसऱ्या पायरीवर! मला तर ओरडावंसं वाटत होतं.

पण खरी गंमत आज झाली. मुलांना आणायला मी बसथांब्यावर गेलो, तर सर आधीच तिथे, भर उन्हात कोट घालून. हुईयुन उतरली. सर तिच्यापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले की उत्तर तुझं बरोबर होतं, चूक माझी होती. पोर घाबरून त्यांच्याहून खाली वाकली. मग सर आणखी खाली. दोघंही वर यायला तयार नाहीत, मागे बसवाला भोंगा वाजवतोय, आणि मी रस्त्यात उभा राहून रडतोय.

आईला नमस्कार. लोभ असाच राहू दे, धपाट्यासकट.
तुझा वेनशुन