दारावरच्या चिठ्ठ्या

३ मार्च

धाकटीने आज घरातली चारही घड्याळं बिघडवली — मुद्दाम! भौतिकशास्त्राच्या प्रबंधात काय लिहितेस, एवढंच विचारलं होतं मी. आता प्रत्येक खोलीत वेगळी वेळ, आणि प्रत्येक दारावर चिठ्ठी — ‘पुढे जाताना दहा मिनिटं मिळवा’, ‘वीस वजा करा’. म्हणाली, “बाबा, खोलीत कोणती वेळ लावायची ही नुसती सोय. हातातलं घड्याळ चिठ्ठ्यांप्रमाणे लावत चारही खोल्यांतून फिरून या. परत आलात की जो फरक उरेल, तेवढाच खरा.”

फिरलो. पाच मिनिटांचा फरक! कुठून आला? जेवतानाही डोक्यात तेच. बायको म्हणाली, “आता यांना घास गिळायचा नाही.”

४ मार्च

राहवेना. स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर लावलं. पोरगी चिडली — “घड्याळ हलवलंत, मग त्या खोलीच्या दोन्ही दारांवरच्या चिठ्ठ्या कोण बदलणार?” माझं शिक्षण सातवीपर्यंत. मला काय ठाऊक!

९ मार्च

थोडं कळलं. रिकाम्या जागेतही ऊर्जा असते म्हणे. कमीत कमी किती, ते नेमकं काढता येत नाही. म्हणून अंदाज धरायचा — मात्र असा, की कुठल्याही खोलीतलं घड्याळ फिरवलं, चिठ्ठ्या त्याप्रमाणे बदलल्या, तरी तो ढळता कामा नये. त्यातून येणारा आकडा खऱ्याच्या वरच राहतो, खाली जातच नाही. अंदाज सुधारत तो खाली आणत राहायचं.

“तुमच्या काळजीसारखं,” म्हणाली. “खरं संकट नेहमी तिच्यापेक्षा लहानच निघतं.”

हसलो. पण आकडा बसला की प्रबंध सादर होणार, आणि पोरगी परदेशी, नोकरीवर. ती काळजी कुठे लहान निघायची?

१४ मार्च

आकडा आणखी खाली. घरात शिट्ट्या वाजवत फिरतेय.

१५ मार्च

फारच खाली! पडताळणीसाठी घेतलेल्या लहान नमुन्यात खरं उत्तर आधीच माहीत असतं. हिचा आकडा त्याच्याही खाली गेला. मी शाबासकी द्यायला गेलो, तर तोंड उतरलेलं. “बाबा, तळाच्या खाली जाता येत नाही. कुठेतरी चुकलंय.” आणि तिच्या मार्गदर्शक सरांना तर आकडा कळवून झालेला!

“गप्प बस. कोण तपासतंय?” मी म्हणालो. तिने सरळ सरांना फोन लावला. चूक सापडेपर्यंत प्रबंध थांबला. म्हणजे जाणंही.

मला आनंद झाला. हे दुसऱ्या कुणाला सांगू!

२६ मार्च

सापडली. हिशेबात एका ठिकाणचं घड्याळ फिरवलं होतं, दारावरची चिठ्ठी तशीच! “अगदी तुमच्यासारखं, बाबा!” डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आकडा वर आला. तळाच्या वर, तरी आजवरच्या सगळ्यांच्या खाली. सर खूश.

मीही हसलो. जरा उशिरा.

२ मे

काल गेली. आज तिच्या खोलीत डोकावलो. भिंतीवरचं घड्याळ साडेचार तास मागे — तिकडची वेळ. दारावर नवी चिठ्ठी, तिच्याच अक्षरात — ‘बाहेर येताना साडेचार तास मिळवा.’

घड्याळाला हात लावला नाही.