उशिराचं कारण

५ मार्च २०२५, बुधवार. राखेचा बुधवार.

आजपासून उपवासकाळ. नवी वही काढली. आमच्या मंडळीत या चाळीस दिवसांत कोणी मटण सोडतं, कोणी चहा. मी राग सोडला. ईस्टरपर्यंत कोणावरही रागवायचं नाही. मला जड जाणार नाही. चौतीस वर्षं महाड एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. लाखभर माणसांना चौकशीच्या खिडकीतून "थांबा, येईल" सांगितलं आहे. धीर हा माझा विषयच आहे.

डेपोच्या रजिस्टरसारखा वहीत एक रकाना ठेवतो: उशिराचं कारण. गाडी लेट झाली की तिथे लिहावं लागायचं. टायर, घाटात दरड, ड्रायव्हर जेवायला गेला. चौतीस वर्षांत त्या रकान्यात नियंत्रकाचं नाव एकदाही आलं नाही. अभिमानाची गोष्ट आहे.

माझ्या बायकोने, उज्वलाने, लगेच विचारलं, राग सोडलात तर पोलादपूरला सुहासकडे कधी जाताय. सुहास माझा धाकटा भाऊ. मी सांगितलं, त्याच्यावर माझा राग नाहीच. मी फक्त त्याची वाट पाहतो आहे.

७ मार्च, शुक्रवार. राग नाही, दिवस तिसरा.

सुहासचं प्रकरण एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे गोंधळ नको. २०२१ च्या पुरात आई त्याच्याकडे होती, महाडच्या बाजारपेठेत. पाणी घरात शिरलं. त्याने आईला पाठीवर घेतलं आणि वरच्या मजल्यावर नेलं. ठीक. पण आईचं बायबल खाली कपाटात राहिलं. पहिल्या पानावर आजोबांपासून सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेले. चिखलात गेलं. पुढच्या वर्षी आई गेली, तेव्हा मातीच्या वेळी मी चार लोकांत एवढंच म्हणालो की, देवाचं वचन पाण्यात सोडून पळणारा मुलगा कसला. तो महिन्याभरात बायकोच्या गावी, पोलादपूरला राहायला गेला.

त्याने येऊन चूक कबूल करावी, एवढीच माझी अपेक्षा. दार उघडं आहे. तेव्हापासून मी प्रभुभोजनही, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही, कारण भावाशी बिनसलेलं असताना भाकरीला हात लावू नये असा आमच्याकडे दंडक आहे. म्हणजे त्याच्यापायी माझंही अडलं आहे. तरी कुरकुर नाही. याला म्हणतात सहनशीलता.

११ मार्च, मंगळवार. राग नाही, दिवस पहिला.

आज मोजणी नव्याने सुरू करावी लागली. दूधवाला. तपशील नको.

सुहासच्या किडन्या गेल्यात हे मला माहीत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी महाडला डायलिसिसला येतो. दिवसाला अर्धा लिटर पाणी, तेही चहा धरून. उज्वला जाऊन भेटते. मी त्या दोन दिवशी बाजारात जात नाही. योगायोग आहे.

१६ मार्च, रविवार.

उत्तम शुक्रवारच्या सात उद्गारांची वाटणी झाली. वधस्तंभावरचा एकेक उद्गार एकेकाने घ्यायचा, प्रत्येकी सात मिनिटं. मी क्षमेचा मागितला होता. क्षमेवर माझं वाचन आहे. तो काशीराम गुरुजींना दिला. मला पाचवा, तहानेचा: 'मला तहान लागली आहे.' सगळ्यात छोटा. त्यावर माणूस बोलणार काय?

आमच्या चर्चचे पाळक ऋत्विक सव्वीस वर्षांचे आहेत. म्हणाले, काका, हा सगळ्यात अवघड आहे, म्हणून तुम्हाला. मी रागावलो नाही. वहीचं पान फाटलं ते कागद हलका आहे म्हणून.

ठरवलं: तहानेतूनच धीराचा विषय काढायचा. प्रभू वधस्तंभावर तहानलेला आहे आणि खाली उतरत नाही. देवाचा धीर. मग माणसाचा धीर. उदाहरण म्हणून डेपो.

२० मार्च, गुरुवार.

चवदार तळ्याचा दिवस. सकाळपासून गावात माणूस मावत नाही. आज पोलादपूरला जायचं जवळजवळ ठरवलं होतं, पण रस्ते बंद, गाड्या खच्चून भरलेल्या. उज्वला खिडकीत उभी होती. म्हणाली, नागपूरपासनं माणसं आली आहेत तळ्याला हात लावायला. पोलादपूर अठरा किलोमीटर आहे. मी म्हटलं, तेच तर सांगतोय, गर्दी आहे.

उशिराचं कारण: गर्दी.

२५ मार्च, मंगळवार. राग नाही, दिवस सहावा.

नवं वेळापत्रक लागलं का ते पाहायला स्टँडवर गेलो. सुहास तिथे बाकावर होता. एकटाच. फार उतरला आहे, शर्ट खांद्यावरून खाली येत होता. हातात छोटी बाटली, तिच्यावर पेनाने रेघा मारलेल्या. झाकण उघडून त्याने बोट बुडवलं, ते ओठांना लावलं आणि झाकण घट्ट लावलं. ऊन मरणाचं. शेजारची मुलं उसाचा रस पीत होती आणि तो तिकडे बघत नव्हता.

मी खांबाजवळ उभा होतो. तो उठून आला असता तर नक्की बोललो असतो. सोळा मिनिटं संधी दिली. पोलादपूरची गाडी आली, चढताना त्याला दोनदा थांबावं लागलं, कंडक्टरने हात दिला.

बोटाचं निरीक्षण भाषणात उपयोगी पडेल. नाव घेणार नाही.

रात्री जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

३० मार्च, रविवार.

पाळकांना भाषणाचा कच्चा मसुदा ऐकवला. त्यांनी बाटलीचा आणि बोटाचा भाग ऐकून विचारलं, हे कोण? मी म्हटलं, एक प्रवासी. त्यावर ते म्हणाले, "काका, देव थांबतो ते आपण वळावं म्हणून. आपण बरोबर होतो हे ठरावं म्हणून नाही. आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पोरगा लांब दिसला तेव्हा बाप अंगणात बसून राहिला नाही, धावत सुटला."

तरुण आहेत. धावणं सुचणारच. माझा गुडघा त्यांना माहीत नाही.

वाक्य मात्र चांगलं आहे. पहिला अर्धा भाग घेतो.

८ एप्रिल, मंगळवार. राग नाही, दिवस पहिला.

सुहास आज आला नाही. गेल्या शुक्रवारीही नाही. उज्वलाने मानसीला, म्हणजे सुहासच्या बायकोला, फोन केला. अंगाला सुई सोसवत नाही म्हणे, हृदयही थकलंय. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच राहू दे.

मी म्हटलं, ईस्टरनंतर शांतपणे जाऊ, घाईने काही चांगलं होत नाही. यावर उज्वला जे बोलली ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो. "पुराच्या दिवशी सुहासभावजींनी दुपारीच फोन केला होता, सामान वर नेऊ का विचारायला. तुम्हीच म्हणालात, घाई करू नको, पाणी ओसरतं, मला सावित्री नदी माहीत आहे. तुमच्या शब्दावर ते थांबले. मी शेजारी उभी होते."

तो मुद्दा वेगळा आहे. पाण्याचा अंदाज कोणाचाही चुकतो. आणि सुहासने हे स्वतः आजवर कोणाला सांगितलेलं नाही, म्हणजे त्यालाही ते महत्त्वाचं वाटत नसणार.

मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर आली त्याचं कारण वरच्या परिच्छेदात आहे.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

ठाम निर्णय. परवा पोलादपूर. माफी मागायला नाही, तब्येत पाहायला. त्याला बोलायचं असेल तर बोलू द्यायचं. मोसंबी नेऊ नयेत असं उज्वला म्हणाली, त्याला चालत नाहीत. मग काय न्यावं? पाठचा सख्खा भाऊ आणि काय न्यावं ते कळेना.

१५ एप्रिल, मंगळवार.

गेलो होतो. स्टँडपर्यंत. साडेनऊची पोलादपूर गाडी नऊ बावन्नपर्यंत फलाटाला नाही. खिडकीत नवीन पोरगी आहे नियंत्रक म्हणून. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, थांबा, येईल. ही काय पद्धत झाली? मी तिला माझी चौतीस वर्षं सांगितली. आवाज थोडा चढला, लोक जमले. मग तक्रारवही मागवली, दोन पानं मुद्देसूद लिहिली. तेवढ्यात गाडी येऊन गेली.

उशिराचं कारण: प्रशासन.

घरी आल्यावर उज्वलाने काही विचारलं नाही. हे बरं नाही. विचारलेलं परवडतं.

१७ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी सहा.

मानसीचा फोन. उज्वलाने मला दिला. मानसी एवढंच म्हणाली, "दादा, ते तुमचं नाव काढतात सारखं. येऊन जावा. आता टाईम नाय." मागून सुहासचा आवाज आला, बारीक, मला ओळखू आला नाही. काहीतरी म्हणाला. मानसी म्हणाली, ते सांगतात दादाची घाई करू नको, तो येल.

पाहा. त्याला कळतं. माझ्या स्वभावाची त्याला जाण आहे.

पाळकांना कोणी कळवलं माहीत नाही, ते मोटरसायकल घेऊन दारात. म्हणाले, आत्ता बसा मागे, अर्ध्या तासात पोचू, उद्याचा पाचवा उद्गार मी सांभाळतो. मी विचार केला. सहा आठवड्यांची तयारी. शिवाय प्रार्थनेचं काम टाकून घरचं काम करणं शास्त्रात बसत नाही. म्हटलं, उद्या तीनला भक्ती संपली की थेट जातो. तीन वर्षं थांबलेला माणूस एक दिवस थांबेल. ते गाडीवर बसून राहिले. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बसले होते. मग गेले.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार. सकाळी नऊ.

उज्वला पहाटेच्या गाडीने एकटी गेली. चहा झाकून ठेवला होता. भाषण तीनदा म्हणून पाहिलं, अकरा मिनिटं होतात. काही कापवत नाही. घसा सांभाळायला हवा. फोन बंद करून खिशात.

पांढरा शर्ट इस्त्रीचा आहे. तिने जाताना करून ठेवला.

२० एप्रिल, ईस्टर. दुपार.

भक्तीला गेलो नाही. लिहायचं आहे म्हणून लिहितो.

शुक्रवारी चांगलं बोललो. चौदा मिनिटं. एक पस्तीसला उभा राहिलो. रेघा मारलेली बाटली सांगितली, ओठांना लावलेलं बोट सांगितलं. दोन बायका रडल्या. काशीराम गुरुजींनीसुद्धा मान हलवली. पाळक खाली बघत होते.

स्टँडवर सव्वातीनची गाडी नव्हती. खिडकीत तीच पोरगी. मी काही विचारायच्या आत म्हणाली, काका, येईल, थांबा. थांबलो. तीन पन्नासला सुटलो. हायवेला ऊन, घशाला कोरड, चौदा मिनिटं बोललेलो.

चार पस्तीसला पोचलो. अंगणात माणसं होती. मला आधी वाटलं, प्रार्थनेला जमलीत. मानसीने दारातच ताटलीने झाकलेला पेला पुढे केला. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी पाणी देतात, मग बोलतात. मी उभ्या उभ्या एका दमात प्यालो. पेला अर्धाच होता. आणखी मागितलं.

मग ती म्हणाली.

"ते त्यांच्या वाटणीचं हाय, दादा. डॉक्टर म्हणले व्हते, आता हवं तेवढं द्या. सकाळी अर्धं प्याले आन् म्हणले, उरलेलं झाकून ठेव, दादा उन्हाचा येल. मी म्हटलं, घरात पाणी हाय, तुम्ही घ्या. नाय म्हणले, त्याला ह्यातलंच दे."

सुहास पावणेदोनला गेला होता. उज्वला त्याच्या उशाशी बसली होती. तिने फोन अकरा वेळा लावला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सरकून जागा करून दिली. सुहासचे ओठ सुकून फाटलेले. त्याच्या हाताला हात लावला. गार झाला होता.

मानसी सांगत होती की तोही तीन वर्षं प्रभुभोजनाला बसत नव्हता. पोलादपूरला कोणी घरी प्रार्थना घेतली की भाकरीच्या वेळी बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. लोकांनी विचारलं तर सांगायचा, माझा भाऊ यायचा आहे.

पुराच्या दिवशीच्या फोनचं मानसीला माहीत नव्हतं. मी सांगितलं. काल माती दिल्यावर, चार लोकांत. मला वाटत होतं कोणीतरी बोलावं. ओरडावं. पाळकांनी माझा दंड धरला आणि उन्हातून सावलीत नेलं, तेवढंच.

उज्वला अजून पोलादपूरलाच आहे. कधी येणार ते मी विचारलं नाही.

राग सोडल्याची मोजणी आता ठेवत नाही. कोणावर रागवायचं ते माहीत आहे आणि त्याला आवाज चढवून उपयोग नाही. जीभ अजून कोरडी पडते. पाणी समोर आहे, घेववत नाही.

रजिस्टर बंद करतो.

महाड ते पोलादपूर. अठरा किलोमीटर.
सुटायची वेळ: १२ ऑगस्ट २०२२, आईच्या मातीहून.
पोचली: १८ एप्रिल २०२५, चार पस्तीस.
उशिराचं कारण: वाहतूक नियंत्रक.