पाचव्या लहरीचं चिन्ह

पिट्सबर्ग, ४ मार्च १९२१

सुटलं एकदाचं! मोटर मिनिटाला अठराशे फेऱ्या घेणारी, पण सुरू केली की मधेच अडकते आणि रांगत बसते. का, ते कागदावर सापडलं. फिरत्या चुंबकी क्षेत्राच्या पोटात छोट्या लहरी असतात — त्यातली पाचवी तिला तीनशे साठ फेऱ्यांवर धरून ठेवते. अकरा आठवडे गेले. आमचे वरिष्ठ इंजिनियर बेकविथसाहेब म्हणाले, "मासिकातल्या निबंधावर तुझंही नाव, माझ्या शेजारी." पाच वर्षं मुलींच्या खोलीत इंजिनियरांचे हिशेब करतेय, त्यात पहिल्यांदा!

९ मार्च

टाइप केलेली प्रत पाहिली. नाव एकच, त्यांचं.

साहेब म्हणाले, "बाईचं नाव दिसलं की मंडळी पुढचे आकडे वाचत नाहीत गं. मनाला लावून घेऊ नकोस."

लावून घेतलं.

१२ मार्च

चूक आहे, आणि माझीच. पाचवी लहर उलटी फिरते. मी सुलटी धरली. एका वजाच्या चिन्हाचा घोळ. अडकवते ती सातवी — अडीचशेच्या आसपास. तशीच धावत गेले. साहेबांनी मानही वर केली नाही. "छपाईला गेलं सगळं. तू आपल्या बेरजा बघ."

बरं. बघते.

८ एप्रिल

पाहुण्यांसमोर चाचणी. साहेबांनी खडूनं फळ्यावर ३६० लिहिलं, मोठ्ठं. मोटरच्या वेगाचा काटा अडीचशेवर थांबला तो थांबलाच. कुणीतरी खोकलं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी स्वतः आमच्या खोलीत आले. "वेरोनिका, ते दुरुस्त पान आहे ना तुझ्याकडे? दुरुस्ती छापू. या वेळी तुझं नाव नक्की. शब्द देतो."

दिलं पान. मूर्ख मी.

१० एप्रिल

आईनं चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं. "आमच्या वेरोंकाचं नाव छापून येणार!" घरी हालुश्की केली, पिठाचे उकडलेले गोळे, वर हात सैल सोडून लोणी.

३ जून

अंक आला. शब्द पाळला त्यांनी. शेवटच्या पानावर, बारीक टाइपात: 'हिशेबनीस कुमारी वेरोनिका ह्रिव्नाक यांच्या चुकीमुळे मूळ निबंधात चिन्ह उलटं पडलं. श्री. बेकविथ यांनी ते शोधून दुरुस्त केलं आहे.'

५ जून

आईला इंग्रजी वाचता येत नाही, आमचं नाव तेवढं ओळखते. पान कापून चौकटीत घातलंय तिनं. खिळा मीच ठोकून दिला.