मागची चाकं

१९ डिसेंबर
नेल्सन आला होता. माझ्या मुलीचा, सिल्वियाचा, होणारा नवरा. म्हापशाला गाड्यांच्या धंद्यात आहे, दोडामार्गहून रोज जाऊन येतो. माझ्या जुन्या गाडीभोवती दोन फेऱ्या. मग मागे उकिडवा बसून म्हणाला, "काका, मागसून गाडी बारीक दिसता. रुंद चाकां घातल्यार कशी दिसतली बघा."
पुढून डुकरासारखी दिसते म्हणून वाड्यावर डुक्कर म्हणतात. मागून कशी दिसते, हे आजवर कुणी बोललं नव्हतं.
सिल्विया दारात. हसत होती. मी 'बघू' म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे तिला कळतं. त्याला सांगितलं नाही वाटतं.

२७ डिसेंबर
नेल्सन मागची दोन्ही चाकं काढून घेऊन गेला. गाडी अंगणात जांभ्या चिऱ्यांवर टेकवलेली. मी वेंगुर्ल्याला बँकेत होतो. आल्यावर सिल्विया म्हणाली, "सरप्राइज आसा, पप्पा. आता कायएक बोला नको."
चिरे हलत नाहीत ना, ते बघितलं.
चिऱ्यांवर गाडी म्हणजे मेलेली गाडी.

३ जानेवारी
चाकं आली. रुंद, काळी, नवे टायर. नेल्सनने ती चढवली, चिरे काढले. टायर आणि मडगार्डची कड यांच्यात दोन बोटं घालून दाखवली. "जागा मस्त आसा."
गाडीत कुणी नव्हतं तेव्हा. माझ्याही लक्षात आलं नाही.
दिसायला वाईट नाही. हे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हणणार नाही. जुन्या माणसाने पायात कुणा तरुणाचे बूट घालावेत, तसं.

५ जानेवारी, रविवार
चर्चमधली मिसा संपल्यावर लग्नाच्या दिवसाची चाचणी, गाडी नेल्सनने चालवली. मागच्या सीटवर सिल्विया मध्ये, एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला रोझी. रोझी तिची मादरीन, बाप्तिस्म्याची धर्ममाता. आमच्याकडे नवरी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाते ती बाप आणि मादरीन यांच्या मध्ये बसून. ही या वाड्याची रीत, इतरांचं माहीत नाही. सिल्वियाची आई गेल्यापासून रोझीच तिचं सगळं बघते.
चढावाच्या वळणावर मागून खर्रर्र आवाज. मग प्रत्येक खड्ड्याला. जळक्या रबराचा वास. उतरून पाहिलं: मडगार्डची कड टेकून टायरला चर पडलेला.
नेल्सन म्हणाला, "आंटी, तुमी जरा उतरा." ती उतरली. आवाज बंद. ती बसली, मी उतरलो. आवाज बंद. दोघं बसलो की खर्रर्र.
रोझी: "माका वजन म्हणान बसयलंस रे? चिरे घालूचे होते. चिरे बोलनत नाय."
सगळे हसले. मीही.

६ जानेवारी
सकाळी नेल्सनला फोन. जुनी चाकं आणून लाव म्हटलं, पुढचं लग्नानंतर बघू.
तो म्हणाला, "काका, हीच ती."
"म्हणजे?"
"जुनीच कापून मधी पट्टी जोडली. वेल्डिंग केलां. भायरची चाकां या गाडयेक बसनत नाय. माका वाटलां, तुमका बरां वाटतलां."
फोन ठेवला. अंगणात जाऊन पाहिलं. आतल्या बाजूला जोडाचा सांधा, वर रंग. चाक तेच. फक्त मधोमध कापलेलं.
जुनं म्हणून उरलं ते डिकीतलं स्टेपनीचं. एक.

८ जानेवारी
सगळे मार्ग पाहून झाले. या चाकांवर जुने अरुंद टायर बसत नाहीत. स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवलं तर मागची बाजू उचलेल, पण या गाडीचं पान मिळत नाही. अशा गाड्या जिल्ह्यात माझ्या माहितीत अजून दोन. एकीची चाकं सडलीत. दुसरीचा मालक मला देणार नाही. त्याने मागितली असती तर मीही दिली नसती.
उरलं एक: मडगार्डची आतली कड कटरने कापायची. नेल्सन म्हणतो, अर्ध्या तासाचं काम, वर रंग मारला की कळणारही नाही.
खारं वारं रंग बघत नाही. किनाऱ्यावर इतकी वर्षं हा पत्रा टिकला तो मी टिकवला. विहिरीच्या पाण्याने धुवून, खालून तेल मारून. कड कापली की गंजाला वाट मोकळी.

९ जानेवारी
जेवताना सिल्विया: "पप्पा, कापूक नको. तुमी फुडे बसा. रोझी आंटी गाऊन धरतली मागे. धा मिन्टांचो तर रस्तो."
"बरां," म्हणालो.
वाड्यावरच्या किती मुली मी या गाडीतून देवळात नेल्या. मी चालवायचो. मागे बसलेल्या बापांचे चेहरे आरशात दिसायचे. काही रडायचे, एक झोपला होता. मी पुढेच. नेहमी पुढेच. या एका वेळी मागे बसायचं होतं, तिच्या शेजारी, चालवायला दुसरा कुणी.
हे तिला सांगितलेलं नाही. सांगायला लागावं?

१२ जानेवारी, रविवार
रोझी माझ्या कोटाचं माप बघायला आली. बटणं लावून पाहिली, मग एकदम: "तू फुडे बसतलंस म्हणे? तुझां चेडू रडता घरात आणि तू बरां म्हणतंस? मिया चलत जातंय देवळात. माझे पाय काय मोडले नाय."
मी म्हटलं, मादरीन चालत आणि बाप गाडीत, लोक काय म्हणतील.
"लोकांचां घाल चुलीत. तुका गाडी व्हयी काय चेडू?"
असे प्रश्न बरे असतात. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं.
ती गेल्यावर मागच्या सीटवर जाऊन बसलो. एकटाच. आवाज नाही.
सिल्विया रडते, हे मला रोझीकडून कळावं.

१४ जानेवारी
शनिवारी लग्न.
सकाळीच नेल्सन आला, सोबत गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारा वेंगुर्ल्याचा डेंटर. नेल्सनचं तोंड उतरलेलं. "काका, चाकां कापूच्या आदी माका विचारूक होयां होतां," म्हणाला. मी मान हलवली. कशासाठी, मलाही कळलं नाही.
डेंटरने कडेवर खडूने रेघ ओढली. कटरची वायर माझ्या खोलीच्या खिडकीतून आत घेतली. प्लग इथे, टेबलाशेजारी. सिल्विया मध्ये आली. "थांब रे. पप्पा सांगतले."
तिला म्हटलं, तुका कसा व्हया?
"माका तुमी बाजूक होये. पण गाडी कापूक नको. मग मागसून आयुष्यभर माका बोलतलास."
बरोबर ओळखलंय.
चहा ठेवतो म्हणून आत आलो. ठेवला नाही. हे लिहितोय. बाहेरून डेंटर विचारतोय, लाइट आसा मां?
आहे. बटण मात्र माझ्या हाताशी.