मॅडम बाहेरगावी आहेत

३ जानेवारी, सकाळी
नवीन डायरी. आधी परिस्थिती नोंदवून ठेवतो. वय बासष्ट. धंदा मोटार रिवाइंडिंगचा. एका टेबलावर, उसन्या पकडीवर सुरू केला, आज अकरा माणसं कामाला. कान शाबूत. बंद दाराआडून मोटार ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. ही जाऊन दीड वर्ष झालं. मी सावरलेलो आहे.

यंदाचे संकल्प दोनच. मागच्या खोलीतली छोटी रेल्वे मार्चअखेर पूर्ण करायची: दोन स्टेशनं, एक बोगदा, एक पूल. (खेळणं म्हणणाऱ्याला खोलीत प्रवेश नाही.) आणि ज्या ऑनलाइन दुकानातून हे सगळं येतं, त्याला धारेवर धरायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लगेच संधी आली. दुकानाचा मेल. 'प्रिय मॅडम, आपलं हिरवं वाफेचं इंजिन आता जानेवारीऐवजी वर्षअखेरीस अपेक्षित आहे.' तारीख पाचव्यांदा ढकलली.

मॅडम म्हणजे ही. माझ्या साठीला भेट म्हणून हिने स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि पूर्ण पैसे भरून हे इंजिन मागवलं. मी पुढची सगळी खरेदी त्याच खात्यावरून करत आलो. प्री-ऑर्डर. या धंद्याची रीतच अशी, की कंपनी आधी ऑर्डरी गोळा करते आणि मग इंजिन बनवायचं की नाही ते ठरवते. साठी होऊन गेली. ही गेली. इंजिन 'लवकरच'.

कडक तक्रार लिहिली. पण खातं हिचं, तेव्हा खाली नावही हिचंच हवं, आणि हिच्या तोंडी 'निर्लज्ज' शोभेना. जन्मात कुणाला टाकून बोलली नाही. एकेक शब्द खोडत गेलो. शेवटी उरलं ते असं: 'मी वाट बघते आहे. सावकाश होऊ द्या. पण होऊ द्या.'

पाठवलं. धरलं धारेवर.

१२ जानेवारी, दुपारी तीन
मागच्या खोलीत आवाज. शिवणयंत्राच्या मोटारीचा. हिचं यंत्र मी रेल्वेच्या टेबलाखाली सरकवलंय. ती मोटार मी स्वतः दोनदा भरलेली आहे, आवाज ओळखतो: आधी जरा अडखळते, मग पळते. आत जाऊन पाहिलं. प्लग काढलेला. वायर गुंडाळून वर रबर लावलेलं, हिने लावलं होतं तसंच.
अर्थातच रेल्वेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. विषय संपला.

१५ जानेवारी
विषय संपला होता, तरी खात्री असावी म्हणून फोरमनला घरी बोलावून तीन वाजता खोलीत उभा केला. तो म्हणाला, मालक, काहीच वाजत नाहीये. ट्रान्सफॉर्मर बंद आहे. त्याचे कान पहिल्यापासून यथातथाच. चहा पाजून वाटेला लावला. दारात चपला घालताना पुटपुटला, की एकट्याला घर फार मोठं झालंय. मला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं. अठरा वर्षं माझ्याकडे आहे आणि अजून त्याला माझ्या कानांचा अंदाज नाही.

२५ जानेवारी, रविवार
मुलीचा नेहमीचा फोन. आज शब्द तोलून मापून बोलत होती. म्हणाली, बाबा, गुरुवारी मी मीटिंगमध्ये होते आणि फोनवर आई ऑनलाइन दिसली. अर्धा तास. मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

मी शास्त्रीय खुलासा केला. पार्सल हिच्या नावाने येतं, ओटीपी हिच्या फोनवर येतो, म्हणून फोन चार्ज ठेवणं भाग आहे. तिने विचारलं, ओटीपीला अर्धा तास लागतो का? नेटवर्क, मी म्हणालो. मग बराच वेळ दोघंही नेटवर्क ऐकत बसलो.

संकल्प: हिचा फोन फक्त ओटीपीपुरता उघडायचा.

७ फेब्रुवारी
उघडला. पण कारण व्यावसायिक होतं. दुकानाच्या साइटवर मी मालाबद्दल अभिप्राय टाकतो. 'मालडब्याची कडी तुटकी आली, बबलरॅप मात्र उत्तम' वगैरे. नाव अर्थात हिचं दिसतं. आता लोक हिला सल्ले विचारायला लागलेत. एकाने लिहिलंय, ताई, माझी गाडी वळणावर रुळावरून घसरते, काय करू? मी त्याला रुळांच्या सांध्याबद्दल दीड पान सुनावणार होतो. पण ही काय म्हणाली असती? लिहिलं: 'वेग कमी करून बघा. घाई कुठे आहे?'

त्याची गाडी घसरायची थांबली. दुकानाने हिच्या नावापुढे 'विश्वासू ग्राहक' असा सोनेरी बिल्ला लावला. चाळीस वर्षांच्या धंद्यात मला एकाने बिल्ला दिला नाही.

१९ फेब्रुवारी
पुलाचं काम लांबलं. (डिंक वाळत नाही. हवा दमट.) बोगदाही लांबला, पण तो पुलावर अवलंबून आहे. अभिप्राय सात टाकले. आज कारखान्यात उशिरा गेले.
गेलो.

५ मार्च
मेल. 'प्रिय मॅडम, आनंदाची बातमी! आपलं इंजिन अपेक्षेपेक्षा लवकर गोदामात पोचलं आहे. पाठवू का?'

आता हा काय आचरटपणा? वर्षअखेर म्हणजे वर्षअखेर. माणसाने त्या हिशेबाने आखणी केलेली असते. इंजिन ठेवायला शेड तयार नाही, पूल अर्धा, भिंतीला ओल. असल्या खोलीत हिने दिलेलं इंजिन उतरवून घ्यायचं? कळवलं: 'मी सध्या बाहेरगावी आहे. थोडं थांबाल का?'

ही थाप नव्हे. हिच्या बाबतीत शब्दशः खरं आहे.

९ मार्च
दुकानाचं उत्तर: 'नक्की थांबू. मॅडम, आपण परत कधी येणार?'

तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं. मग बोगद्याचं प्लास्टर करायला गेलो. प्लास्टर तसंच भांड्यात वाळून दगड झालं. भांडं वाया. संध्याकाळी लिहिलं: 'अजून नक्की नाही.'

१३ मार्च, दुपारी
कपाटात हिचा फोन वाजला. मेसेजचा टिंग नव्हे, फोन. हिने लावलेली पाखरांची चिवचिव. दीड वर्षात पहिल्यांदा. कपाटातल्या साड्यांमागून पाखरं ओरडत होती आणि मी जेवणाच्या टेबलाशी भातात हात घालून बसलो होतो. बाराव्या चिवचिवाटाला उचलला.

दुकानाची मुलगी. आवाजावरून पंचविशीची, सर्दी झालेली; मागे पंखा, त्याचा कपॅसिटर गेलाय. मॅडम आहेत का, म्हणाली. ऑर्डर जुनी, पत्ता जुना, त्यामुळे पाठवण्याआधी खातेदाराचा होकार स्वतःच्या तोंडून घ्यायचा असा नियम आहे. मी म्हणालो, ती आंघोळीला गेलीये.

ती म्हणाली, अर्ध्या तासाने करते.

भरल्या घरात माणूस जे पटकन म्हणतो तेच तोंडातून निघालं. यात विशेष काही नाही.

१६ मार्च
दुकानाच्या मुलीचे आणखी तीन फोन. पहिल्यांदा ही झोपली होती. दुसऱ्यांदा बाजारात. तिसऱ्यांदा हिचं डोकं दुखत होतं. आता तीच काळजीत पडली. तिने विचारलं, काका, मॅडमची तब्येत बरी नाही का? खूप दिवस अंथरुणाला आहेत का?

आता बरी आहे, मी म्हणालो. मग तिने ओशाळून सांगितलं, की तिच्या हातात काही नाही. वीस तारखेपर्यंत मॅडम बोलल्या नाहीत, तर पैसे परत आणि इंजिन वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या गिऱ्हाइकाला. इंजिनं मोजकीच निघालीत, पुन्हा कंपनी काढणार नाही.

म्हणजे हिने मला घेतलेली शेवटची वस्तू कुणा टग्याच्या घरी गोल गोल फिरणार. ते होणे नाही. चार दिवस आहेत. मी यापेक्षा वाईट गिऱ्हाइकं पटवली आहेत.

१८ मार्च
योजना साधी आणि बिनतोड. माझ्या मुलीचा आवाज थेट हिच्यासारखा. तिघांचा फोन जोडायचा, तिने फक्त 'हो, मीच बोलतेय, पाठवा' म्हणायचं. चार शब्द. मुलगी आधी संतापली. म्हणाली, बाबा, हे काय चालवलंय तुम्ही? मग बारीक आवाजात म्हणाली, ठीक आहे, एकदाच.

१९ मार्च, दुपारी सव्वातीन
फोन जोडला. दुकानाच्या मुलीने विचारलं, मॅडम का?

"हो, मीच बोलतेय."

फोन कट झाला. माझा अंगठा लागला असावा.

त्याच दिवशी, साडेपाच
अंगठा लागला नव्हता, मी दाबला होता.

माझ्या मुलीचे चार फोन येऊन गेले. पाचवा घेतला. तिचं नाक वाहत होतं, ते ऐकू येत होतं.

२० मार्च, सकाळी दहा
स्वतःच्या फोनवरून दुकानाला फोन लावला. रेकॉर्ड केलेल्या बाईने सांगितलं की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. अकरा मिनिटं सांगत होती. मग ती सर्दीवाली मुलगी आली. पंखा अजून तसाच. मी आधी पंख्याचा कपॅसिटर बदलून घ्या म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, काका, मॅडमना देता का?

मी म्हणालो, "ती नाहीये. दीड वर्ष झालं."

मागे फक्त पंखा. मग तिने विचारलं, मग ते अभिप्राय? मी वाचत होते ते. वेग कमी करून बघा, घाई कुठे आहे, हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं. मग तिने आवाज सावरला. म्हणाली, वारस म्हणून तुमच्या नावाने पाठवता येईल, मी करते. मृत्यूचा दाखला मेल करा. फक्त त्यानंतर त्यांचं खातं बंद करावं लागेल. त्याला इलाज नाही.

दाखला ज्या लिफाफ्यात आला त्याच लिफाफ्यात होता. चिकटवलेला. फोडला, फोटो काढला, पाठवला. अक्षर अन् अक्षर टाइप केलेलं, एकही चूक नाही. चूक असेल अशी थोडी अपेक्षा होती.

२३ मार्च, दुपारी तीन
मागच्या खोलीत कानात तेल घालून बसलो. चार वाजेपर्यंत. रस्त्यावरचा रिव्हर्स घेणारा ट्रक, वरच्या मजल्यावरचा नळ. बाकी काही नाही. मग ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला. तो खरंच गुणगुणत नाही. चांगल्या प्रतीचा आहे, मीच निवडला होता.

२९ मार्च, रविवार
मुलगी दोन दिवसांसाठी आली. कुरियरवाला दारात नाव वाचून थबकला. म्हणाला, आज तुमच्या नावाने? मॅडम गावाहून आल्या नाहीत अजून? मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी ओटीपी सांगितला.

पार्सल दोघांनी मिळून उघडलं. खोका, त्यात खोका, त्यात फोम. फोममधून मुलीने इंजिन उचललं आणि तळहातावर ठेवलं. हिरवं, पितळी घुमट, बारीक बारीक रिव्हेट. इतकं देखणं काम मी क्वचित पाहिलंय.

तळहातावर आणखी दोन मावली असती.

पट्टी आणली. माझ्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे इंजिन नऊ मिलिमीटरचं. वेगळंच माप. माझ्या रुळांवर ते उभंच राहत नाही, मधल्या पट्ट्यांवर आडवं पडतं. या छंदातला नवखा माणूससुद्धा सगळ्यात आधी माप बघतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला माप सांगितलं होतं?"

शंभरदा सांगितलं होतं, असं मी तिला म्हणालो. इथे मात्र लिहून ठेवतो. ती एकदा त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती, हात पुसत. तुमची गाडी कुठली हो, म्हणाली, मोठी की छोटी? मी टेबलाखाली वायर जोडत होतो. ऐकू आलं होतं. काम झाल्यावर सांगू म्हटलं.

मुलीने इंजिन खिडकीत ठेवलं. चौदा दिवसांत परत करता येतं, म्हणाली. ते खिडकीतच राहू दे, असं मी सांगितलं.

३१ मार्च
मार्चअखेर. पूल अर्धा, बोगदा नाही. मुलगी सकाळी गेली.

इंजिनाबद्दल अभिप्राय टाकायला बसलो. काम अप्रतिम, पॅकिंग उत्तम, उशीर अक्षम्य, पाच तारे. जुनं खातं उघडेना, ते बंद झालंय. मग माझ्या नावाने नवीन खातं उघडलं. सगळं टाइप करून बटण दाबलं. उत्तर आलं:

'क्षमस्व. हे इंजिन आपण विकत घेतलेलं नाही. आपला अभिप्राय स्वीकारता येणार नाही.'

पुन्हा दाबून पाहिलं. तेच.