तरसाच्या घळीचा जाणकार

७ नोव्हेंबर, दुपार

मुतलकचं डोकं फोडलं. चूक त्याची. पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, रिझेकला स्वतःच्या तंबूची मागची बाजू शोधायलासुद्धा वाटाड्या लागतो. मला म्हणाला, ज्याला सगळ्या घळी पाठ आहेत! माझ्या हातात मेखा ठोकायचा हातोडा होता. तो आपोआप उठला. रक्ताची चिळकांडी उडाली, बायका किंचाळल्या, त्याचे भाऊ बंदुका आणायला पळाले आणि मी घळीकडे.

आता रक्त उकळायचे तीन दिवस. तेवढ्यात मुतलकच्या माणसांनी मला कापलं तरी कोणी जाब विचारणार नाही. नंतर वडीलधारे मध्ये पडतील. तह झाला तर ठीक. नाहीतर माझं बिऱ्हाड उचलून परक्या मुलखात. बायको सबहा, मुली, शेळ्या, सगळंच.

प्लॅन तयार आहे. तरसाची घळ पायी पार करायची. खालच्या टोकाला सुवैलिममामाचे तंबू. त्याच्या तंबूचा खांब धरला की कोणाची माझ्याकडे बोट करायची हिंमत नाही. लोक म्हणतात, ही घळ आजवर कोणी आरपार गेलेलं नाही. लोक काहीही म्हणतात. अर्धी मी पाहिली आहे. उरलेली अर्धी तशीच असणार. उद्या संध्याकाळी मामाकडे जेवण.

संकल्प: रागवायचं नाही. आवाज करायचा नाही.

८ नोव्हेंबर, सकाळ

बुटात साप निघाला. बूट दगडावर आपटून आपटून त्याचा लगदा केला. बुटाचाही झाला. टाकून दिला. एक पाय अनवाणी. पण साप मेला, ते महत्त्वाचं.

८ नोव्हेंबर, दुपार

वर कड्यावर मुतलकचे भाऊ. थोरला नायिफ ओरडत होता, रिझेक, बायकोच्या झग्यात लपलायस का रे? बाहेर ये, आतडी काढून गळ्यात घालतो तुझ्या! मी गप्प. संकल्पच होता. मग तो भावांना म्हणाला, चला रे, त्याला घळीतली वाट कुठे माहीत आहे, मरेल आपोआप.

हे मात्र सहन होईना. कपारीतून बाहेर आलो आणि ओरडून सांगितलं, तुझ्या सात पिढ्यांपेक्षा मला जास्त माहीत आहे!

पहिली गोळी कानाला चाटून गेली. मग दगड. एक खांद्यावर बसला. हात वर होत नाही. कानातून रक्त गळतंय. पण नायिफचा नेम कच्चा आहे, ही मौल्यवान माहिती मिळाली.

९ नोव्हेंबर, रात्र

घळीला दोन फाटे. डावा घेतला. जाणकाराला विचार करावा लागत नाही. फाटा वर चढला, वळला, मग कडा. डोक्याचं फडकं खडकाला बांधून उतरत होतो. फडकं फाटलं. गुडघ्याचं हाड दिसतंय. संतापून खडकाला लाथ घातली, तीही अनवाणी पायाने. तो निर्णय घाईचा झाला.

संध्याकाळच्या सुमारास वाळूत एक बूट दिसला. माझाच. शेजारी मेलेला साप. नायिफने मला फसवायला दोन्ही उचलून इथं आणून ठेवलेले दिसतात.

पाणी संपलं. मुतलक मेला असेल का? मेला असेल तर तह कसला नि काय. फार भीती वाटते आहे. तो मरू नये. माझ्यासाठी नव्हे, त्याच्या आईला वाईट वाटेल म्हणून.

१० नोव्हेंबर, सकाळ

उजवा फाटा. मुळात हाच घ्यायचा होता. डोक्यावर आभाळ निळंभोर. पूर्वेकडे गडगडतंय, पण ते लांब. जरा आडवा होतो. म्हातारे म्हणतात, घळीच्या पात्रात झोपू नये. म्हाताऱ्यांची हाडं दुखतात म्हणून ते काहीतरी सांगत असतात. वाळू छान मऊ आहे.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ. मामाचा तंबू.

डाव्या हाताने लिहितोय. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी राहिली. मी नाही.

आधी वारा आला, मग अख्खी घळ गरजली. चिखल, झाडांचे बुंधे, एक मेलेलं गाढव आणि मी. पाण्याने मला एका भिंतीवर आपटलं, उचललं, दुसऱ्या भिंतीवर आपटलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कलमा म्हणायला तोंड उघडलं तर चिखल आत गेला. मग एकदम उजेड, उघडं मैदान. अशा रीतीने तरसाची घळ पायी पार करणारा मी पहिलाच. पाय बराच वेळ वर होते, पण होते माझेच.

तेवढ्यात कोणीतरी माझी तंगडी धरून ओढू लागला. नायिफ! हाताला आला तो दगड त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. दात निखळून माझ्या छातीवर पडले.

तो सुवैलिममामा होता. पूर पाहून माझं प्रेत शोधायला पात्रात उतरला होता.

११ नोव्हेंबर

मामा थुंकतो तेव्हा रक्त पडतं. म्हणाला, गाढवा, मुतलक उठून बसलाय, टाके पडलेत, तुझ्या नावाने शिव्या घालत भात खातोय. त्याचा बाप तहाला तयार आहे. हे सांगायला मी घळीच्या तोंडाशी तुझी वाट बघत बसलो होतो. उद्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊ. तू मागे बसायचंस. जिभेला गाठ मारून.

मी म्हटलं, मामा, तू काळजी करू नकोस, चारचौघांत कसं वागायचं ते मला शिकवायला नको. मामा पुन्हा रक्त थुंकला.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

मुतलकचा बाप हाजी औदा, त्याचा तंबू. आमचे वडीलधारे रांगेत, मी मागे. प्रत्येकापुढे कॉफीचा पेला ठेवला. कोणी हात लावला नाही. यजमान मागणं मान्य करेपर्यंत कॉफी तशीच ठेवायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्यालात, तर तुमचं मागणं संपलं.

मामाने फुटक्या तोंडाने शब्द टाकला. रक्त माफ करा, रिझेकला गावात राहू द्या. हाजी औदाने दाढीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काय रे, तरसाच्या घळीतून जिवंत आलास म्हणे? माझ्या आज्यालाही जमलं नव्हतं ते.

सगळे माझ्याकडे बघत होते. नायिफसुद्धा. आयुष्यभर मी या वाक्याची वाट पाहिली होती. मोडक्या बरगड्यांसकट छाती फुगली. अशा वेळी माणसाने काहीतरी रुबाबात करायचं असतं. मी पेला उचलला, सगळ्यांकडे पाहून मान हलवली आणि एका घोटात रिकामा केला.

हाजी औदा म्हणाला, प्याला. याचं काही मागणं नाही.

मामाची काठी नेमकी मोडक्या बरगड्यांवर पडली. मग नायिफची लाथ. मग दोन्हीकडचे सगळेच. तहाच्या तंबूत दोन्ही बाजूंचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

१३ नोव्हेंबर

बिऱ्हाड निघालं. पिकअपवर तंबू बांधायला मुतलकच आला, डोक्याला पट्टी. दोर आवळता आवळता म्हणाला, बाबा हो म्हणणारच होते रे. शब्द ओठांवर आला होता त्यांच्या.

मी म्हटलं, कॉफीत वेलची कमी होती.

त्याने दोराला शेवटची गाठ मारली. मुली मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सबहा रडली नाही. तिने मुलींना पुढे बसवलं आणि मला मागे, शेळ्यांत. ड्रायव्हरला मी रस्त्याबद्दल दोन सूचना केल्या. त्याने काच वर केली.

वळणापलीकडे गाव दिसेनासं झाल्यावर मी रडलो. कॉफी चांगली होती.